रक्त तपासता, मग तोंड का बघत नाही?

बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, हे आता कुणी वेगळं सांगायला नको. १९९८-९९ साली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदा देशभर बायकांचं हिमोग्लोबिन मोजलं गेलं. लग्न झालेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणी ॲनिमिक निघाल्या. वीस वर्षांनी, २०१९-२१ च्या पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के निघालं. महाराष्ट्रात ते ५४ टक्के होतं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन मोजण्याच्या पद्धतीबद्दल तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. ते बाजूला ठेवले तरी एवढं नक्की, की दोन दशकांत आपल्या अंगातलं रक्त काही वाढलं नाही.

या काळात सरकार स्वस्थ बसलं होतं असंही नाही. लोहाच्या गोळ्या १९७० पासून वाटल्या जात आहेत. २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ नावाची मोहीम आहे. गरोदर बाईला १८० दिवस लाल गोळी, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, किशोरवयीन मुलींना आठवड्याला निळी गोळी. गोळ्या येतात, वाटल्या जातात, रजिस्टरं भरतात. आणि आकडा हलला नाही की खापर फुटतं ते बाईच्या डोक्यावर. ‘बाया गोळ्या खातच नाहीत हो, पोतेऱ्यात टाकतात, गुरांना घालतात.’ हे वाक्य आपण किती बैठकांत ऐकलं आहे!

काही जणी खरंच खात नाहीत. मळमळतं, शौचाला घट्ट होतं, काळं होतं, आणि असं होईल हे आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं. पण जी बाई इमानेइतबारे गोळी खाते आणि तरीही जिचं रक्त वाढत नाही, तिचं काय? तिच्या बाबतीत गोळी देणाऱ्यांनी आणखी एक जागा तपासायला हवी. ती जागा म्हणजे तिचं तोंड. डोळ्याची पापणी खाली ओढून आणि जीभ बघून ‘रक्त कमी दिसतंय’ म्हणायची पद्धत जुनी आहे. पण त्या जिभेच्या दोन्ही बाजूंना हिरड्या असतात. त्या सुजल्या आहेत का, त्यातून रक्त-पू येतो का, दात हलतात का, घास चावता येतो का, हे विचारायची पद्धत मात्र नाही. हे विचारलं गेलंच पाहिजे, आणि तेही दंतवैद्याच्या खुर्चीवर नाही तर गरोदरपणाच्या तपासणीतच, असं माझं म्हणणं आहे.

तोंड काय सांगतं?

तोंडाच्या आतलं अस्तर सतत झिजतं आणि सतत नवं तयार होतं. त्या कामाला लोह लागतं, फॉलिक ॲसिड लागतं, बी-१२ लागतं. हे कमी पडलं की तोंड बोलू लागतं. जिभेवरचे बारीक काटे झडतात, जीभ गुळगुळीत आणि फिकी दिसते. तिखट लागलं की आग होते. ओठांचे कोपरे चिरतात. फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर जीभ लालभडक आणि हुळहुळी होते. फोड पुन्हा पुन्हा येतात. लोहाची कमतरता वर्षानुवर्षं राहिली तर काहींना कोरडा घास घशाखाली उतरेनासा होतो. हा प्रकार मध्यमवयीन बायकांत अधिक दिसतो, आणि त्यातून पुढे घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आपल्याकडे याला एकच नाव आहे : ‘तोंड आलंय’. आणि कारणही एकच : ‘उष्णता झाली’. मग जाईचा पाला चघळायचा, तूप लावायचं, तुरटीच्या गुळण्या करायच्या. फार झालं तर मेडिकलवाल्याकडून बी-कॉम्प्लेक्सचं पाकीट आणायचं. जाईच्या पाल्याला माझा विरोध नाही. त्रास कमी होत असेल तर जरूर चघळावा. पण दर महिन्याला तोंड येणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन तपासायला हवं, हे तिला कुणी सांगतं का? आणि ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठ निघालं तिला ‘घास चावता येतो का गं?’ असं कुणी विचारतं का? रक्ताचं काम एका खिडकीवर. तोंडासाठी तर खिडकीच नाही.

जखम तोंडात, टंचाई रक्तात

रक्त कमी झालं की तोंड बिघडतं, हे झालं एका दिशेने. दुसरी दिशा तेवढीच महत्त्वाची, पण कमी जणींना माहीत असलेली. तोंड बिघडलं की रक्तही कमी होऊ शकतं.

दातांच्या मुळाशी कीटण साचतं. हिरड्या सुजतात, ब्रश किंवा बोट लागलं की रक्त येतं. तसंच राहिलं तर सूज आत उतरते, हिरडी दातापासून सुटते, हाड झिजतं, पू होतो, दात हलायला लागतात. यालाच आपण पायोरिया म्हणतो. हा आजार वर्षानुवर्षं चालतो आणि बराच काळ दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई कुणाला सांगत नाही. पायोरिया झालेल्या हिरड्यांच्या आतली सुजलेली बाजू पसरून मांडली तर ती साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असा एक अंदाज आहे. एवढी उघडी जखम हातावर असती तर आपण पट्टी बांधल्याशिवाय शेतावर गेलो असतो का?

कुणाला वाटेल, हिरड्यांतून रक्त जातं म्हणून रक्त कमी होतं. तसं नाही. तिथून जाणारं रक्त अगदी थोडं असतं. खरं कारण आहे ती सूज. शरीरात कुठेही दीर्घकाळ सूज राहिली की यकृत हेप्सिडिन नावाचं एक द्रव्य जास्त बनवायला लागतं. या शतकाच्या सुरवातीला त्याचा शोध लागला आणि बऱ्याच कोड्यांचा उलगडा झाला. हेप्सिडिनचं काम म्हणजे लोहाच्या कोठाराला कुलूप लावणं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्ग झाला की शरीर आपलं लोह लपवून ठेवतं. चार दिवसांच्या तापात ही युक्ती उपयोगी पडते. पण सूज वर्षानुवर्षं राहिली तर कुलूपही लागलेलंच राहतं. पेशींमध्ये साठवलेलं लोह बाहेर पडत नाही. आणि आतड्याचा दरवाजाही अर्धवट मिटतो, म्हणजे खाल्लेल्या गोळीतलं लोहही पुरेसं आत येत नाही.

क्षयरोग, संधिवात, मूत्रपिंडाचे आजार यांत असा ॲनिमिया होतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. हिरड्यांच्या जुनाट आजाराचं नाव या यादीत उशिरा आलं. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की पायोरियाच्या रुग्णांमध्ये तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन निरोगी हिरड्यांच्या माणसांपेक्षा कमी असतात. त्यानंतर आपल्या देशातल्या दंतमहाविद्यालयांतूनही असे अभ्यास झाले. हिरड्यांवर उपचार केल्यावर काही महिन्यांनी हिमोग्लोबिन थोडं वाढलं, असंही काही अभ्यासांत दिसलं. हे अभ्यास लहान आहेत, वाढही थोडी आहे. पण ज्या बाईचं कोठार मुळातच अर्धं रिकामं आहे, तिच्या उरलेल्या अर्ध्यालाही कुलूप लागलं तर काय होईल, हे समजायला मोठ्या अभ्यासाची वाट बघायला नको.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. हिरड्या दुखतात, दाढा गेल्या आहेत, तोंडाची आग होते. अशी बाई काय खाते? ती शेंगदाणे-फुटाणे सोडते, कोशिंबीर सोडते, मटणाचा तुकडा सोडते, झणझणीत पालेभाजी बाजूला सारते, लिंबू पिळत नाही. भाकरी चहात बुडवून खाते. म्हणजे ज्यातून लोह मिळतं ते गेलं. ज्या आंबट पदार्थांमुळे लोह अंगी लागतं आणि हिरड्याही धड राहतात, तेही गेलं. आणि जो चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, तोच जेवणात आला. आधीच ती शेवटी जेवणार, उरलेलं जेवणार. त्यात उरलेल्यापैकी जे चावता येईल तेवढंच. आहाराची तक्ते-पोस्टरं घेऊन आपण वस्तीत जातो, तेव्हा त्या तक्त्यात दात गृहीत धरलेले असतात.

मशेरीचं काय करायचं?

महाराष्ट्रात बायकांच्या तोंडाबद्दल बोलायचं आणि मशेरीबद्दल गप्प बसायचं, हे शक्य नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दाताला लावायची. सकाळी उठल्यावर, मग दुपारी काम आवरल्यावर, मग रात्री झोपताना. दात साफ करायची वस्तू म्हणून ती घरात येते आणि व्यसन म्हणून राहते.

मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर सहा जणींमागे एक बाई मशेरी किंवा धूर न होणारी दुसरी तंबाखू वापरत होती. त्यांच्या बाळांचं वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. मुंबईतल्याच गरोदर बायकांवरचा दुसरा लेख २००८ साली आला. तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त आहे, असं त्यात दिसलं. जिथे मशेरी लावली जाते तिथे हिरडी खाली सरकते, पांढरे चट्टे येतात, पुढे कर्करोगाचा धोका. आणि रक्त कमी होतं ते वेगळंच.

पण मैत्रिणींनो, इथे थोडं थांबून विचार करू या. ‘घाण सवय आहे, सोडून दे’ असं म्हणणं सोपं आहे. बाई मशेरी का लावते? दाढ दुखते, आणि दंतवैद्याला द्यायला पैसे नाहीत. मशेरीने दुखणं तेवढ्यापुरतं बधिर होतं. भूक मरते. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात दिवसभर उभं राहायला बळ आल्यासारखं वाटतं. आणि दिवसात पाच मिनिटं एका कोपऱ्यात बसून राहता येतं, तेवढी पाच मिनिटं तिची स्वतःची असतात. ज्या समाजाने तिला दातांचा इलाज दिला नाही, पोटभर अन्न दिलं नाही, विश्रांती दिली नाही, त्या समाजाने तिला मशेरीवरून बोल लावू नये. मशेरी सुटायला हवी, यात शंका नाही. पण ती सोडवताना दुखऱ्या दाढेचा इलाज आधी हातात ठेवावा लागेल.

आणि सरकारलाही विचारायला हवं. दात घासायच्या पेस्ट-पावडरींत तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी झाली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पण तंबाखूची पानं बाजारात मिळतात, तवा प्रत्येक घरात आहे, आणि घरात बाईने भाजलेली मशेरी कुठल्याच कायद्याला दिसत नाही. गुटख्याच्या चर्चेत डोळ्यापुढे असतो तो तरुण मुलगा. बाई तिथेही नसते. सुपारीचंही तेच. सुपारी ही तंबाखूशिवायसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ सालीच जाहीर केलं. सुपारीने तोंडाचं अस्तर आखडतं, आग होते, हळूहळू तोंड उघडेनासं होतं. या आजाराच्या रुग्णांत लोहाची कमतरताही वारंवार आढळते. तरी हळदीकुंकवाला ‘सुगंधी’ सुपारीची पुडी आपण अजून हातावर ठेवतोच.

‘आधी पोटाचं बघा’

आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतील, अहो, बायकांना खायला नाही, पाळीत अंगावरून जास्त जातं, पाठोपाठ बाळंतपणं होतात, पोटात जंत आहेत, आदिवासी भागांत सिकलसेल आणि मलेरिया आहे. हे सगळं सोडून तुम्ही हिरड्या काय घेऊन बसलात?

हा आक्षेप योग्य आहे. हिरड्या बऱ्या केल्या की ॲनिमिया जाईल, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. ॲनिमियाची मोठी कारणं हीच आहेत आणि त्यांच्यावरची लढाई सोडायची नाही. रेशनवर डाळ मागायची, रोजगार मागायचा, जास्त रक्त जाणाऱ्या बाईची पिशवी काढायची घाई न करता नीट तपासणी मागायची, हे चालूच राहील. पण गरीब बाईच्या अंगावर ही कारणं एकेकटी येत नाहीत, गर्दी करून येतात. त्यातलं तोंडाचं कारण असं आहे की जे बघायला यंत्र लागत नाही. बॅटरी आणि दोन मिनिटं लागतात. आणि समजा रक्त तसूभरही वाढलं नाही, तरी न दुखता जेवणं हा बाईचा हक्क नाही का?

दुसरा आक्षेप आरोग्यखात्याकडून येतो. गरोदर बाईच्या दातांना हात लावायचा नाही, बाळंतपण झाल्यावर बघू. घरातही सासूबाई हेच सांगतात. वस्तुस्थिती अशी, की गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात, म्हणजे इलाजाची गरज उलट वाढते. अमेरिकेत आठशेहून अधिक गरोदर बायकांवर झालेली एक मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. गरोदरपणात हिरड्यांची खोल साफसफाई करून घेणं सुरक्षित आहे आणि हिरड्या त्याने सुधारतात, हे तिच्यातून स्पष्ट झालं. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं मात्र त्याने कमी झाली नाहीत, हेही त्याच चाचणीने सांगितलं. तेव्हा ‘दात साफ करा, बाळ वाचवा’ अशा घोषणा आपल्याला नकोत. बाईचं तोंड बरं करायचं ते बाळासाठी म्हणून नव्हे. ते तिचं तोंड आहे म्हणून.

आपण काय मागायचं?

नवीन योजना मागायची गरजच नाही. आहेत त्याच योजनांनी बाईचं तोंड उघडून बघायचं आहे.

एक. तीस वर्षांवरच्या माणसांची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक बायकांची बाळंतपणं तिशीच्या आत उरकलेली असतात. जी नर्स तिशीनंतर तोंडात बघते, तिने तेच गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतही बघावं. जीभ, ओठांचे कोपरे, हिरड्या, हलणारे दात, पांढरे चट्टे, आणि एक प्रश्न : घास चावता येतो का?

दोन. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे. ज्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य नेमलेला आहे, तिथे त्या दिवशी तो हजर असावा आणि हिरड्यांची साफसफाई मोफत व्हावी. जिथे जागा रिकामी आहे तिथे ती भरा, असा अर्ज तालुका आणि जिल्हा पातळीवर द्यावा. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालयं आहेत आणि खेड्यातल्या बाईला कीटण काढायला माणूस मिळत नाही, हे चालवून घ्यायचं कारण नाही.

तीन. आरोग्य उपकेंद्रांतून द्यायच्या सेवांच्या यादीत तोंडाचं आरोग्यही आहे. आपल्या गावच्या केंद्रात त्यातलं प्रत्यक्ष काय मिळतं, हे बचत गटाच्या बैठकीत जाऊन विचारा. ग्रामसभेत विचारा.

चार. तीन महिने गोळ्या खाऊनही ज्या बाईचं रक्त वाढत नाही, तिच्यावर ‘गोळ्या खात नाही’ असा शिक्का मारायचा नाही. तिला पुढे पाठवायचं. पाळीचा रक्तस्राव, जंत, सिकलसेल, बी-१२ यांच्या बरोबरीने तिच्या हिरड्याही तपासायच्या.

आणि पाच, हे आपण आपल्यासाठी करायचं. स्त्री-आरोग्य शिबिरांत हातात आरसा घेऊन स्वतःचं शरीर बघायला आपण शिकलो. तोच आरसा तोंडापुढे धरायला काही अडचण नाही. पुढच्या बैठकीत एक बॅटरी न्या, एकमेकींच्या हिरड्या बघा. फिक्या आहेत की लाल सुजलेल्या, दाबल्यावर रक्त येतं का, तीन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा चट्टा आहे का? असा फोड असेल तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. मशेरी लावणाऱ्या मैत्रिणीला लाज न वाटता बोलता येईल अशी बैठक ठेवा. मऊ ब्रश एक आणि तोही फक्त नवऱ्याचा, अशी घरं आपल्याला माहीत आहेत. त्यावरही बोला. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू-आवळ्याबरोबर चालते, हेही तेव्हाच सांगता येईल.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं आपल्याकडे म्हणतात. बाईने तोंड मिटून सोसावं, ही शिकवण किती खोलवर गेली आहे हे बघायचं असेल तर वस्तीतल्या बायकांना त्यांच्या दातांबद्दल विचारा. ‘त्यात काय सांगायचं?’ असं उत्तर येईल. सांगायचं आहे, आणि पुष्कळ आहे. विचारायला सुरवात करू या.